लाखभर अमीबा आणि एकही मुकादम नाही

प्रश्न असा होता: "पेशी एकमेकींशी केमिकलने बोलतात आणि त्यातून शरीर घडतं असं सगळीकडे वाचतो, पण डीएनए सगळ्यांत एकच, मेंदू कोणालाच नाही, मग ऑर्डर कोण देतं? आणि केमिकल तर पाण्यात पसरून सगळीकडे सारखं होणार, मग कुठल्या दिशेला जायचं हे पेशीला कसं कळतं?"

पहिल्या अर्ध्याचं उत्तर एका दमात देता येतं, कोणीच नाही देत. दुसरा अर्धा मात्र खरा मुद्द्याचा आहे, तो विचारल्याबद्दल तुम्हाला चहा पाजायला पाहिजे, कारण मला स्वतःला तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पडला आणि तोही एक अख्खा प्रयोग मातीत घातल्यावर. ते पुढे सांगते.

माणसाच्या गर्भापासून सुरुवात केली तर हजार सिग्नल आणि हजार नावं, डोकं फिरतं. म्हणून मी ज्या प्राण्याबरोबर गेली एकोणीस वर्षं काढली त्याच्यावरूनच सांगते. नाव डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम, लॅबमध्ये आम्ही सगळे 'डिक्टी' म्हणतो (आमच्या घरी 'तुझा चिखल' म्हणतात). स्लाइम मोल्ड असं इंग्रजीत म्हणतात म्हणून लोकांना बुरशी वाटते, पण बुरशी नाहीये, साधा मातीतला अमीबा आहे, दहा-पंधरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केनेथ रेपर नावाच्या माणसाला १९३३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या जंगलात पालापाचोळ्यात सापडला, १९३५ मध्ये त्याने नाव दिलं, आणि आज जगभरच्या लॅबमधले बहुतेक डिक्टी त्याच एका नमुन्याचे पणतू-खापरपणतू आहेत.

पोट भरलेलं असताना प्रत्येक अमीबा आपापला, बॅक्टेरिया खायचे आणि दोनाचे चार व्हायचं, शेजारणीशी देणंघेणं नाही. बॅक्टेरिया फॉलिक अॅसिड सोडतात, त्या वासावर हा मागे जातो आणि खातो, बस. खाणं संपलं की मात्र सगळा कारभारच बदलतो. लॅबमध्ये आम्ही हे मुद्दाम करतो, पेशी सेंट्रीफ्यूजमध्ये हलकेच फिरवून खाली बसवायच्या, वरचं पाणी फेकायचं, बफरने (म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याने) धुवायच्या, असं तीनदा, आणि मग ज्यात काहीही पोषण नाही अशा अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर पसरायच्या. धुण्यात आळस केला आणि थोडंसं जरी खाणं मागे राहिलं तरी तासन् तास नुसतं बघत बसायचं, काही होत नाही. आणि तापमान २२ डिग्री, हे आपल्याकडे मोठं दुखणं आहे बरं का, एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला आणि खोली तिशीपार गेली की डिक्टी बसला.

तर प्लेट ठेवल्यावर चार-पाच तास वरवर शांतता असते. मग साधारण सहाव्या तासाला प्लेट काळ्या पार्श्वभूमीवर तिरक्या उजेडात धरली तर तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसतात, फिकट आणि गडद पट्टे, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं, कुठे कुठे जिलबीसारखी गोल गोल फिरणारी वेटोळी, आणि ती सरकत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं लेन्सवर काहीतरी लागलंय, मी रुमालाने पुसली पण. फिकट पट्ट्यात ज्या पेशी आहेत त्या लांबट होऊन चालतायत, गडद पट्ट्यातल्या थांबल्यात. नवव्या-दहाव्या तासाला नद्यांसारखे ओघळ बनून सगळ्या एका जागी ढीग करतात, एका ढिगात लाखभरसुद्धा असतात, ढिगाला टोक फुटतं, ढीग आडवा पडून दोन-चार मिलिमीटरची गोगलगायीसारखी अळी बनते आणि ती उजेडाकडे, उबेकडे सरपटत जाते. चोवीस तासांनी उभी राहून तिची टाचणी होते, बारीक देठ आणि वर बीजाणूंचा, म्हणजे पुढे उगवू शकणाऱ्या झोपलेल्या पेशींचा, थेंब. देठातल्या पेशी, म्हणजे ढोबळमानाने पाचातली एक, मरतात. वरच्या चार जगतात.

आता हे पट्टे म्हणजे नेमकं काय? इथे जॉन टायलर बॉनर नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ येतो. त्याने १९४७ मध्ये एक इतका साधा प्रयोग छापला की आजही शिकवताना मला हेवा वाटतो. पाण्याखाली काचेवर पेशींचं एक केंद्र जमत होतं, त्याने त्यावरून पाणी हळू वाहू दिलं. प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या पेशी ढिम्म, त्यांना केंद्राचा पत्ताच नाही. खालच्या बाजूच्या मात्र दूरदूरवरून केंद्राकडे निघाल्या. म्हणजे पाण्याबरोबर काहीतरी वाहत येतंय, स्पर्श नाही, वीज नाही, केमिकलच. त्याने नाव दिलं अॅक्रॅसिन, एका जुन्या इंग्रजी काव्यातली पुरुषांना भुलवून जनावरं करणारी मायाविनी आहे तिच्यावरून. शास्त्रज्ञांना रिकामा वेळ असला की अशी नावं सुचतात.

ते अॅक्रॅसिन नक्की कुठलं रसायन हे कळायला पुढे वीस वर्षं गेली आणि ती का गेली ह्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पेशींच्या भोवतालचं पाणी गोळा करून ठेवलं की काही मिनिटांतच त्यातली जादू नाहीशी व्हायची. शॅफर नावाच्या संशोधकाने पन्नाशीच्या दशकात दाखवलं की पेशी सिग्नल तर सोडतातच, वर त्याच पाण्यात तो सिग्नल तोडणारं एन्झाइमही सोडतात. म्हणजे एका हाताने फळ्यावर लिहायचं आणि दुसऱ्या हाताने डस्टर फिरवायचा. शेवटी १९६७ मध्ये कोनाइन, बॉनर आणि मंडळींनी दाखवलं की डिक्टीचं अॅक्रॅसिन म्हणजे सायक्लिक एएमपी. मौज म्हणजे हा रेणू तेव्हा आधीच प्रसिद्ध होता, अर्ल सदरलँडने दहा वर्षांपूर्वी यकृतावर काम करताना शोधलेला, आपल्या अंगात अॅड्रिनलिन आलं की पेशीच्या आत जो निरोप फिरतो तो हाच, सदरलँडला १९७१ चं नोबेल त्यावरच. आपण जो घरातल्या घरात वापरतो तो हा अमीबा रस्त्यावर ओरडायला वापरतो.

आणि ते डस्टर, म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एन्झाइम, ते नसेल तर काय होतं? तुम्ही म्हणालात ना केमिकल पसरून सगळीकडे सारखं होईल, अगदी बरोब्बर, तेच होतं. बंद खोलीत उदबत्ती लावून ठेवा, अर्ध्या तासाने कोणाला डोळे बांधून आत सोडा आणि विचारा उदबत्ती कुठल्या कोपऱ्यात आहे, नाही सांगता येणार, वास तर सगळीकडेच आहे. हे एन्झाइम न बनवू शकणारे म्युटंट अमीबा आहेत, ते जागच्या जागी बसून राहतात, ढीग करतच नाहीत. त्यांना बाहेरून ते एन्झाइम पाण्यात घालून दिलं की जमायला लागतात! सिग्नल वाढवून नाही, पुसून दिल्यावर. माझ्या मते ह्या सगळ्या विषयातली ही सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे, पाठ्यपुस्तकात बाण फक्त सिग्नल सोडण्याचे काढतात, पुसणाऱ्याचं नाव तळटीपेत.

आता माझा मातीत गेलेला प्रयोग. पेशी एकसारख्या तयार व्हाव्यात म्हणून आम्ही त्यांना फ्लास्कमध्ये हलवत ठेवतो आणि पंपाने दर सहा मिनिटांनी सायक्लिक एएमपीचा एक-एक थेंब देतो, पाच-सहा तास, याला लॅबच्या भाषेत पल्सिंग. सहा मिनिटं का तर त्यांची स्वतःची हाक साधारण तेवढ्याच अंतराने येते. त्या रात्री मी पंप लावून होस्टेलवर गेले, मध्ये लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत जेमतेम मिनिटभर, पण तेवढ्यात पंपाचा टायमर रीसेट होऊन सलग मोडवर गेला आणि थेंब-थेंब न देता रात्रभर बारीक धार सोडत बसला. सकाळी पाहते तर पेशी जिवंत, गोल गुटगुटीत, आणि एकदम बिनकामाच्या. एकमेकींना चिकटत नाहीत, प्लेटवर टाकल्या तर पसरून बसल्या. मी म्हटलं अहो सर, सिग्नल तर भरपूर मिळाला की, उलट जास्तच मिळाला! सर हसले आणि म्हणाले दाराची बेल कोणी रात्रभर दाबून धरली तर तू उघडायला जाशील की वायर काढशील. नंतर कळलं की जर्मनीत गेरिशच्या गटाने हे १९७५ मध्येच छापून ठेवलेलं होतं, थेंबाथेंबाने दिलं तर पेशी तयार होतात, सलग दिलं तर नाही. वाचलं असतं तर आठवडा वाचला असता. गंमत म्हणजे त्या पेशी नुसत्या उपाशी हलवत ठेवल्या असत्या, काहीच दिलं नसतं, तरी आपापल्या हाका मारून तयार झाल्या असत्या.

कारण पेशीचं असं असतं की हाक ऐकू आली की ती तीन कामं करते: हाकेच्या दिशेने थोडी सरकते, स्वतःही सायक्लिक एएमपी सोडून तीच हाक पुढे देते, आणि मग काही मिनिटं बहिरी होते. वानखेडेवर ती लाट जाते बघा स्टँडमधून, लोक उठतात हात वर करतात बसतात, आत्ताच बसलेला माणूस लगेच परत उठत नाही म्हणून तर लाट पुढेच जाते, मागे फिरत नाही. तसंच इथे. लाट मिनिटाला साधारण तीनशे मायक्रॉन जाते आणि पेशी स्वतः मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा, पण पेशीला लाटेमागे धावायचंच नाहीये, ती लाट जिथून आली तिकडे निघालीय. मग एक जुना अवघड प्रश्न उरतो, लाट पेशीवरून पुढे गेली की तिच्या पाठीमागे जास्त सिग्नल आणि पुढे कमी, मग पेशी उलटी का नाही फिरत? कारण तोपर्यंत ती बहिरी झालेली असते, चढता सिग्नल ऐकते, उतरता ऐकत नाही. आणि चढता असतानाही पुढच्या आणि मागच्या टोकात फरक किती, एक-दोन टक्के असला तरी तिला पुरतो, दहा मायक्रॉनच्या अंगावर! ती बहिरी असते तेवढ्या वेळात डस्टर फिरून फळा कोरा होतो आणि मग पुढची हाक नवी म्हणून ऐकू येते. बहिरेपण आणि पुसणं, दोन्ही लागतं, एकाने भागत नाही.

सिग्नल सोडायचं यंत्र, म्हणजे सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम, ते चालत्या पेशीच्या शेपटाकडे जमतं असं २००३ मध्ये दिसलं. म्हणून मागची पुढचीच्या शेपटाला नाक लावून चालते आणि ते नद्यांसारखे ओघळ बनतात. मुंग्यांची रांग समजा.

मग पहिली हाक कोण मारतं? इथे खूप वर्षं भांडण होतं. शॅफरचं म्हणणं काही खास 'संस्थापक' पेशी असतात, त्या सुरू करतात, बाकीच्या मागे जातात. १९७० मध्ये एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगल या दोघांनी गणित मांडून दाखवलं की खास पेशींची गरजच नाही, सगळ्या सारख्या असल्या, सगळ्या थोडं थोडं सोडत आणि तोडत असल्या, तरी एका मर्यादेनंतर सपाट पसरलेली स्थिती आपोआप मोडते आणि ढीग पडायला लागतात. लोकांना ते पचलं नाही, कितीतरी वर्षं पेपरमध्ये 'पेसमेकर पेशी' शोधणं चालूच होतं. आपल्याला कुठेही गेलं तरी एक मुकादम हवाच असतो. २०१० मध्ये पेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी चमकवून दाखवणारा सेन्सर वापरून जिवंत पेशींमध्ये पाहिलं गेलं तर चित्र केलर-सेगलच्याच बाजूचं निघालं: विरळ पेशी अधूनमधून कशाही उचकतात, दाटी वाढली आणि पाण्यातलं प्रमाण एका पातळीवर गेलं की अख्खा घोळका एका तालात धडकायला लागतो. कुठलीही एक पेशी उचलून बाजूला काढा, ताल चालूच.

दाटी मोजायचीसुद्धा केमिकलच आहेत. खातापिता असतानाच प्रत्येक पेशी एक प्रोटीन थोडं थोडं सोडत असते, भोवती बॅक्टेरिया भरपूर असले की त्याचा परिणाम दबतो, बॅक्टेरिया कमी आणि भावंडं जास्त झाली की उठून दिसतो, म्हणजे 'खाणाऱ्या किती आणि पानात किती' हा हिशोब उपासमार सुरू व्हायच्या आधीच चालू. ढीग फार मोठा होऊ नये म्हणून अजून एक मोठा प्रोटीनचा गठ्ठा आहे, काउंटिंग फॅक्टर म्हणतात, तो वाढला की ओघळ तुटून दोन-चार लहान ढीग होतात. प्लेटमध्ये कॅफीन घातलं तर हाक पुढे देणं मंदावतं आणि ढीग कमी पण आडदांड होतात, हा प्रयोग एमएस्सीच्या मुलांना द्यायला छान, स्वस्त आहे आणि फसत नाही.

ढीग झाल्यावर कोण देठ आणि कोण बीजाणू, म्हणजे कोण मरणार, हा भाग लोकांना सगळ्यात रंजक वाटतो. इथे डिफ-१ नावाचा क्लोरीनवाला छोटा रेणू आहे, १९८७ मध्ये त्याची रचना कळली. तो बनवतात बीजाणू व्हायच्या मार्गावरच्या पेशी, त्याने देठाकडे ढकलल्या जातात दुसऱ्या, आणि त्या दुसऱ्या त्याला तोडणारं एन्झाइम बनवतात. परत तेच, एकीने सोडायचं दुसरीने पुसायचं, त्यामुळे सगळ्याच देठ होत नाहीत. अळी मधोमध कापली तर दोन्ही तुकडे आपापलं प्रमाण नव्याने जुळवून दोन लहान टाचण्या उभ्या करतात, हे रेपरने १९४० मध्येच दाखवलं होतं, आणि हेही की अळीचं टोक कापून दुसऱ्या अळीच्या कुशीत लावलं तर ते तिच्यातल्या पेशी फोडून घेऊन वेगळा संसार थाटतं. तर टोकाला तुम्ही हवं तर मुकादम म्हणा, पण कापलं की तासाभरात उरलेल्यांतून नवीन टोक येतं, म्हणजे खुर्ची आहे, माणूस ठरलेला नाही.

भारतात यावर चांगलं काम झालंय, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यानंद नंजुंडय्यांच्या गटाने वर्षानुवर्षं केलंय, मुदुमलाईच्या जंगलातल्या मातीतून आणि जनावरांच्या शेणातून असे अमीबे काढून त्यांनी पाहिलं की एकाच टाचणीत वेगवेगळ्या वंशाच्या पेशी एकत्र असतात. मग फुकटे पण आलेच, देठात न जाता वर घुसणारे. तो वेगळा मोठा विषय आहे, आत्ता नाही शिरत.

तुमच्या मनात असेल की अमीबाचं ठीक आहे, माणसात काय? सायक्लिक एएमपीची लाट घेऊन आपले अवयव बनत नाहीत, पण सोडणं आणि पुसणं ही जोडी जागोजागी आहे. गर्भात व्हिटॅमिन ए पासून रेटिनॉइक अॅसिड बनतं, डोक्याकडचं काय आणि शेपटाकडचं काय हे ठरवण्यात त्याचा हात असतो, आणि जिथे ते नको तिथे त्याला तोडणारी एन्झाइम बसलेली असतात, त्यामुळेच एका टोकाला जास्त दुसऱ्या टोकाला कमी असा उतार टिकतो. मुरुमांवर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या देतात त्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत त्या याचमुळे, बाहेरून पूर आला की पुसणारे कमी पडतात आणि बाळात व्यंग येतं. चर्मरोगतज्ज्ञ दहा वेळा विचारतात ना, वैतागू नका. घडणीच्या बाहेरचं पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटणारं उदाहरण म्हणजे मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक. नसा स्नायूंना निरोप द्यायला अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात, कीटकनाशक ते जास्त सोडायला लावत नाही, त्याला पुसणारं एन्झाइम बंद पाडतं, आणि मग लाळ, घाम, स्नायूंचं थडथडणं, श्वास अडकणं. सिग्नल नेहमीचाच, फक्त डस्टर हरवलेला.

राहिली टाचणीवरच्या थेंबाची गोष्ट. त्या थेंबात हजारो बीजाणू दाटीने बसलेले असतात, ओलावा असतो, तरी तिथल्या तिथे उगवत नाहीत, कारण थेंबातच डिस्कॅडेनिन नावाचं एक रसायन त्यांनी स्वतःच सोडलेलं असतं आणि ते सगळ्यांना गप्प बसवून ठेवतं. मी प्लेटवरची टाचणी सुईने उचलून स्वच्छ बफरच्या नळीत बुडवते, हलवते, ते रसायन पाण्यात विरून जातं, बीजाणू बॅक्टेरियाच्या प्लेटवर पसरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली प्रत्येक अमीबा परत आपापला खात फिरत असतो, शेजारणीकडे ढुंकूनही न बघता.